पडवीत कोण कोण बसत होतं

रत्नागिरीला मी दोनदा गेले, एकदा जानेवारीत आणि एकदा मे महिन्यात, आणि दोन्ही वेळा जाताना जेवढं कळत होतं त्यापेक्षा कमी कळून परत आले. प्रवासाबद्दल लिहिणाऱ्यानं असं पहिल्याच ओळीत कबूल करू नये म्हणतात. पण मी मूळची बार्शीची. आमच्याकडे माणूस टँकरची वाट बघत मोठा होतो, त्यामुळे नाही ते आहे म्हणून सांगायची सवय लागत नाही. गोंधळ झाला तो गोंधळ म्हणूनच सांगते. साल २००३ होतं.

जायचं कारण आंबे नव्हेत, हे आधी सांगून टाकते, कारण ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी मला पेट्यांची ऑर्डर दिली होती. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत टीबीच्या जंतूंवर काम करते. टीबीचा जंतू दिसायला सगळीकडे सारखाच, पण त्याच्या डीएनएवर एक ठरावीक तुकडा असतो, आणि तो किती ठिकाणी आणि कुठे कुठे बसलाय हे जंतूगणिक वेगळं असतं. ते उघडं करून घेतलं की फिल्मवर रेषा उमटतात, बिस्किटाच्या पुड्यावर असतात तशा. दोन रोग्यांच्या रेषा तंतोतंत जुळल्या तर समजायचं की आजार अलीकडेच एकमेकांत फिरलाय, मग ती माणसं एकमेकांना ओळखत असोत वा नसोत. आमच्या सरांना बघायचं होतं की आजार कोणाकडून कोणाकडे जातो: दाटीवाटीतल्या गरिबाकडून चांगल्या घरात, की आपापल्या आळीतच. त्यासाठी दोन्ही पाहिजेत, बेडका आणि प्रश्नावली. बेडका बाटलीत घ्यायचा, प्रश्नावली मी भरायची. चौदा प्रश्न होते. ते बनवताना मीही टेबलाला होते, त्यामुळे दोष फक्त सरांच्या माथी मारता येत नाही.

सावर्डे

कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट उतरून सुमो सावर्ड्याला चहाला थांबली, तोवर माझं पोट तोंडाशी आलेलं. आमचा ड्रायव्हर शिंदे साताऱ्याकडचा, त्याला घाटाचं काही वाटत नाही. मी मात्र खिडकीत लिंबू धरून बसले होते. हॉटेलवाल्यानं न विचारता कोकम सरबत आणून ठेवलं. म्हणाला, “घाट लागला ना? प्या. आणि तोंडात मीठ धरा.” आमच्याकडे पाहुण्याला काय झालंय ते आधी विचारतात, मग त्यावर चर्चा करतात, मग चहा देतात. इथं माणसं तोंडाकडे बघून ठरवतात आणि मोकळी होतात. मला बरं वाटलं, हे मान्य करायला हरकत नाही.

त्या हॉटेलवाल्यानं मी कुठे चालले विचारलं तेव्हा मी “टीबीच्या कामाला” असं सांगितलं. त्यानं माझा ग्लास उचलला आणि वेगळा ठेवला. “अहो, मला नाही टीबी,” मी म्हटलं. “नाय हो, धुवायला ठेवला,” तो म्हणाला. पण बाकीचे ग्लास टेबलावरच होते. आजाराबद्दल नुसतं बोलणाऱ्याचा ग्लास वेगळा होतो, तर ज्याला होतो त्याचं काय होत असेल, असा विचार गाडीत आला आणि हातखंब्याच्या वळणावर लिंबू हातातून सुटलं तसा निघून गेला.

मिरकरवाडा

मिरकरवाडा बंदरावर पहिल्या सकाळी मला एकही शब्द कळेना. मराठीच बोलत होते सगळे, पण हेल असा की वाक्य कुठं संपलं ते समजू नये. लिलाव चाललेला, टोपल्या सरकत होत्या, बर्फाच्या लाद्या फळीवरून घसरत ट्रॉलरच्या पोटात जात होत्या, आणि मी मधोमध फायलींची पिशवी छातीशी धरून उभी. एका बाईनं मला हाताला धरून बाजूला केलं आणि म्हणाली, “डाक्टरीनबाय, तुमी बरफाच्या वाटेत उभ्या हाव.” मी डॉक्टर नाही, हे मी तिला आणि पुढे सगळ्यांना सांगितलं. कोणीही मनावर घेतलं नाही.

ती बाई म्हणजे सुगंधाबाय. सरकारी दवाखान्यानं दिलेल्या यादीत तिचं नाव होतं: चाळिशीची, आठवड्यापूर्वीच टीबी निघालेला, औषध उद्या सुरू होणार. म्हणजे आजच बेडका घ्यायला पाहिजे. ती माझीच वाट बघत थांबली होती. इतका उत्साही रोगी मी कधी पाहिला नव्हता.

सुगंधाबाय जाळी सांधायची. बाईमाणूस जाळं सांधतं हे तिथं नवलच, ते काम पुरुषांचं. पण तिचा बाप खलाशी, घरात सगळ्या मुलीच, तेव्हा त्यानं थोरलीला सुया हातात दिल्या. फाटलेल्या जाळ्याचं भोक तिनं बुजवलं की कुठं भोक होतं ते बोटीच्या तांडेललाही सापडत नसे, असं लोक सांगायचे. पंधरा पावसाळे ती हमीदभाईंच्या घरी जाळी सांधत आली होती. हमीदभाईंचे दोन ट्रॉलर. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात तेव्हा जाळी घरी आणतात, आणि मग चार महिने सगळं काम घराच्या पडवीत.

“आणि आता?” मी विचारलं.

“आता नको म्हनाले,” ती म्हणाली. “नसीमला झालं ना. माज्याच्याननं झालं म्हनतात.”

नसीम हमीदभाईंची मुलगी, कॉलेजात जाणारी. तिचंही नाव माझ्या यादीत होतं, आजार दोन दिवस आधी निघालेला. सुगंधाबाय श्रावणापासून खोकत होती, नसीम दिवाळीपासून. सगळ्या मोहल्ल्यानं हिशेब मांडून निकाल देऊन टाकला होता. तिला नुसतं पडवीत येऊ नको एवढंच सांगितलं नव्हतं, दुसऱ्या मालकांनीही जाळी तिच्या हातात द्यायचं थांबवलं होतं.

“तुमचं मशीन हाय म्हनतात पुन्याला,” ती म्हणाली. “जंतू कुनाचा ता सांगतं. माजा घेवा. भरपूर घेवा.”

मी तिला प्रश्न विचारायला लागले. घरात किती माणसं, खिडक्या किती, चूल की गॅस. चौदावा प्रश्न होता: ‘आपल्या घरी कामाला येणाऱ्यांपैकी कोणाला दीर्घकाळ खोकला होता का?’ मी तो वाचला आणि सुगंधाबाय हसायला लागली. हसता हसता तिला ढास लागली, पदर तोंडावर धरून ती बराच वेळ खोकली.

“माज्याकडं कोन येनार कामाला? मी जाते कामाला. मी जाते थयं कोन खोकत होता, ता लिवायला जागा नाय काय?”

नव्हती. कागद उलटा करून पाहिला, तिथेही नव्हती. पुण्यात चार पदवीधर माणसांनी टेबलावर बसून ही प्रश्नावली केली आणि कोणाच्याही डोक्यात आलं नाही की कामाला येणाऱ्याला मालकाचा आजार लागू शकतो. मला तिथल्या तिथे कानशिलात बसल्यासारखं झालं. “मग सांगा ना, कोण खोकत होतं?” मी विचारलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, “असंच बोलले मी.”

हमीदभाईंचं घर

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हमीदभाईंकडे गेले. जांभ्या दगडाचं घर, वर माळा, पुढं लांबच लांब पडवी. पडवीच्या दोन्ही बाजूंना झावळ्यांची झापं गुंडाळून ठेवलेली. पावसात ती खाली सोडतात आणि वरून प्लास्टिक बांधतात, म्हणजे जाळी कोरडी राहतात आणि आतली माणसंही. टीव्ही पावसाळ्यात पडवीतच आणतात, नसीमनं सांगितलं. तिथेच अभ्यास, तिथेच जेवण, तिथेच जाळी. “मजा येते,” ती म्हणाली. “सुगंधाखाला गोष्टी सांगायच्या.” बारीक झाली होती पोरगी, पण डोळे तरतरीत. तिला औषध सुरू झालं होतं, त्याआधीचा बेडका दवाखान्यानं माझ्यासाठी जपून ठेवला होता.

जुबेदाभाभींनी, म्हणजे नसीमच्या आईनं, सांदणं केली होती, तांदळाची आणि नारळाच्या रसाची, वाफेवरची. आमच्याकडे पाहुणा आला की ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि पाहुण्यानं दोन वेळा नको म्हणायचं. इथं मी एकदाच नको म्हटलं तर भाभींनी खरंच ताट उचललं. मग मलाच लाजेनं “द्या एक” म्हणावं लागलं. तीन खाल्ली.

प्रश्नावली भाभींनी भरून दिली. सध्या घरात राहणारे कोण? हमीदभाई, त्या स्वतः, नसीम, सासू. आणि धाकटे दीर इकबाल. “ते कतारला असतात,” भाभी म्हणाल्या. “मग घरात कसे?” मी विचारलं. भाभींना प्रश्नच कळेना. “घरातलेच आहेत ना ते. बाहेरगावी आहेत म्हणून घरातले नाहीत का?” गोंधळ मिटवायला मी त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे ‘परदेशी’ असं लिहून रकान्यावर काट मारली. गल्फातला माणूस अकरा महिने तिकडे असला तरी घरातली त्याची जागा कोणी कमी करत नाही, हे त्या मोहल्ल्यात प्रत्येक घरी पुढे दिसत गेलं. आणि पावसाळाभर पडवीत बसणाऱ्या सुगंधाबायचं नाव मात्र ‘राहणारे’मध्ये कोणी घेतलं नाही. खरं म्हणजे जंतूला रेशनकार्ड दिसत नाही. आमच्या कागदाला तेवढंच दिसत होतं.

तेवढ्यात माळ्यावर कोणीतरी खोकलं. बारीक नव्हे, चांगलं खोल, पोटातून आलेलं. पडवीच्या टोकाला बसलेल्या हमीदभाईंनी मान खाली घातली. मी वर बघितलं.

“मांजर आहे,” भाभी म्हणाल्या.

चाळिशीच्या पुरुषासारखं खोकणारं मांजर मी बार्शीत कधी पाहिलं नव्हतं. पण तोंडात तिसरं सांदण होतं. हमीदभाई हळू आवाजात म्हणाले, “बाई, आमची सुगंधावर दुश्मनी नाही. पंधरा वर्षांपासूनचा आमचा माणूस आहे. पण बायका घाबरतात. तुमच्या मशीनमध्ये तिचा जंतू वेगळा आला तर दुसऱ्या दिवशी बोलावतो तिला. जबान देतो.”

बाहेर पडल्यावर मी सुगंधाबायला गाठून विचारलं, माळ्यावर कोण आहे. ती जाळीच्या दोऱ्याचं रीळ हातात फिरवत राहिली. काम नव्हतं तरी रीळ होतं. “मांजरच असंल,” ती म्हणाली.

आरे-वारे

मधला रविवार होता आणि दवाखाना बंद. शिंदे म्हणाला, चला, दर्या बघू. आरे-वारे म्हणजे दोन किनारे, रस्त्यावरून एकदम खाली दिसतात, एक इकडे, एक तिकडे. कुठला आरे आणि कुठला वारे यावर माझा आणि शिंदेचा वाद झाला. शिंदेनं एका माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, “तुमी कुठनं आलाव त्याच्यावर हाय.” मला वाटलं थट्टा करतोय. तो गंभीर होता.

समुद्र मला आवडतो म्हणावं की नाही, अजून ठरलेलं नाही. आमच्याकडे पाणी म्हटलं की ते पुरेल का हा पहिला प्रश्न. इथं एवढं पाणी आणि त्यातला एक घोट पिता येत नाही. मी वाळूत बसून माळ्यावरच्या खोकल्याचा विचार करत होते. जाऊन दवाखान्यात सांगावं, तर माझ्याकडे काय, एक आवाज. सांगू नये, तर त्या घरात आणखी कोणाला व्हायची वाट बघायची? शिंदे म्हणाला, “मॅडम, तुमचं काम बाटल्या गोळा करायचं.” शिंदेला मी चांगलंच झापलं. मग तेच मनाला खात राहिलं, कारण त्याचं चुकलं नव्हतं. शेवटी सोमवारी मी दवाखान्यातल्या नर्सबाईंना एवढंच सांगितलं की त्या घरच्या सगळ्यांना तपासायला बोलवा, सगळ्यांना. त्या म्हणाल्या, “बोलावलंय. यायला पाहिजेत ना.”

परतीची वाट

नमुने गार ठेवायला बर्फ पाहिजे होता आणि मिरकरवाड्यात बर्फाला काय तोटा. बर्फ फोडणाऱ्यानं थर्मोकोलची पेटी पाहून आपल्या मनानंच ठरवलं की मासळी नेतायत, आणि सवयीनं वरून एक फडकं पिळून अंथरलं. मासळीच्या पाण्यातलं फडकं, हे सांगायची गरज नाही. बाटल्या घट्ट बंद, तीन-तीन आवरणांत होत्या, त्यांना काही झालं नाही. पण गाडी सावर्ड्याला उभी राहिली तेव्हा तीन कुत्री आणि एक मांजर चाकांशी बसून होतं.

“सुरमई का?” त्याच हॉटेलवाल्यानं विचारलं. “दोन तुकडे द्या की.”

मी सांगितलं, पेटीत बेडके आहेत. त्यानं पुन्हा माझा ग्लास वेगळा केला.

पुणे

टीबीचा जंतू अत्यंत आळशी. अंड्याच्या गरावर त्याला वाढवायला सहा-सात आठवडे जातात, आणि मग पुढची सगळी उठाठेव. एप्रिल सरत आला तेव्हा फिल्म हातात आली. मी ती खिडकीशी धरली. देव वगैरे मी मानत नाही, पण त्या क्षणी मनात म्हणत होते, जुळू नकोस. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच एखादा निकाल मागत होते.

रेषा जुळल्या. वरपासून खालपर्यंत, एकही इकडे तिकडे नाही.

सर खूश झाले. त्यांनी फळ्यावर दोन गोल काढले, एकात सुगंधाबायचा क्रमांक, एकात नसीमचा, आणि पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण. मी विचारलं, बाण कुठून आला? रेषांमध्ये बाण नसतो. ते म्हणाले, “आधी कोण आजारी पडलं? कोणाचं घर दाटीचं? कोण कमी शिकलेलं?” मी म्हटलं, आणि तिसरा असला तर? दोघींनाही देणारा? “तिसऱ्याचा नमुना आहे का?” नव्हता. “मग तिसरा नाही,” सर म्हणाले. वाईट माणूस नाहीत ते. गरिबांना आजार का होतो याची त्यांना खरोखर कळकळ आहे. शिवाय त्यांनी आणखी एक शंका काढली, की याच रेषांचा जंतू रत्नागिरीत सगळीकडेच पसरलेला असला तर दोघींचं जुळणं निव्वळ योगायोग. म्हणजे एकाच वेळी बाणही होता आणि योगायोगही होता. माझं डोकं भणभणायला लागलं. मी रजा टाकली आणि शिंदेला फोन केला.

पुन्हा मिरकरवाडा

मे महिन्यात रत्नागिरीत आंब्यांशिवाय कोणी काही बोलत नाही. लॉजवाल्यानं मला खोली दाखवायच्या आधी पेटी दाखवली. घामानं अंग चिकट, वारा बंद, आणि बंदरावर हंगाम संपायची घाई. जाळी पडवीत यायला महिनाही उरला नव्हता. हमीदभाईंकडे सुगंधाबायच्या जागी दोन नवी माणसं ठरली होती असं कानावर आलं, पण अजून आली नव्हती.

मी सरळ हमीदभाईंच्या घरी गेले. निकाल सांगितला नाही. माळ्यावरचा खोकला आणि कतारला असूनही घरात मोजलेलं नाव, दोन्ही एकत्र केल्यावर एकच माणूस उरत होता. म्हटलं, मला इकबालभाईंना भेटायचंय, आणि मांजर म्हणालात तर मी इथंच बसून राहीन. भाभींनी माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं, आणि आत निघून गेल्या.

इकबालभाई स्वतःच खाली आले. उंच, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अदबीचं. माझ्यासाठी थंड बाटली मागवली, ती आल्याशिवाय बोलायला सुरुवात केली नाही. मग म्हणाले, “बाई, तुम्हाला कळलंय तर खोटं काय बोलू. गेल्या वर्षी मे महिन्यात मला तिकडून परत पाठवलं. छातीच्या फोटोत आलं. मोहल्ल्यात सांगितलं, सुट्टीवर आलाय. मग सांगितलं, गेला परत. मी वर राहतो.”

“आणि पावसाळ्यात?”

“पावसाळ्यात कोण बघतंय? झापं खाली असतात. खाली येऊन बसायचो. वर एकट्यानं वेड लागतं, बाई. जाळं सांधायला मी लहानपणी शिकलेलो.”

“कोणाशेजारी बसायचात?”

ते थोडा वेळ बाटलीवरचं पाणी बोटानं पुसत राहिले. “सुगंधाशेजारी. तिच्याकडून टाके शिकत होतो.”

औषध त्यांनी मुंबईला खासगी डॉक्टरकडून घेतलं होतं, मध्ये सोडलं होतं, पुन्हा घेत होते. मी त्यांना खूप सुनावलं. औषध मध्ये सोडलं की जंतू कसा माजतो ते सांगितलं, नसीमचं नाव काढलं, घरातल्या म्हातारीचं काढलं. ते खाली मान घालून ऐकत होते. शेवटी मी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, एक नमुना द्या. नावाच्या जागी आकडा असतो. जुळला तर सुगंधाबायवरचा आळ निदान पातळ होईल.

“आकडा तुमच्याकडे,” इकबालभाई म्हणाले. “पण दवाखाना इथला. बाटली कोणाची ते इथं चार माणसांना कळणार. पुढच्या महिन्यात कतारला जायचं माझं मेडिकल आहे पुन्हा. एकदा नाव चढलं की संपलं. भाईंनी माझ्यासाठी काय काय केलंय ते तुम्हाला माहीत नाही.” त्यांनी बाटली हळूच माझ्याकडे सरकवली. “तुम्ही हे कोणाला सांगणार नाही ना? तुमच्यात तसा कायदा असतो म्हणतात.”

असतो. नाही सांगणार म्हणून मी मान हलवली. बाहेर आले ती रागातच, आणि राग कोणावर ते ठरत नव्हतं. त्या माणसावर चिडावं तर त्याची सगळी उमेद त्या एका एक्सरेवर टांगलेली. हमीदभाईंवर चिडावं तर ते भावाला झाकत होते, आणि भावाला कोण झाकत नाही? मग राहिले सर, आणि मी.

अहवालाचं पुढे काय झालं ते इथंच सांगते, म्हणजे पुन्हा त्याच्याकडे वळायला नको. ‘संभाव्य स्रोत’ या रकान्यात सुगंधाबायच्या क्रमांकापुढे मला काहीतरी लिहायचं होतं. जे माहीत होतं ते लिहायची सोय नव्हती आणि जे लिहायची सोय होती ते मला खरं वाटत नव्हतं. मी रकाना रिकामा ठेवला. सरांनी नसीमच्या रकान्यात बाण ठेवला. पुढच्या प्रश्नावलीत मात्र पंधरावा प्रश्न आहे, ‘आपण कामाला जाता तिथे कोणाला खोकला होता का?’ तो मी घालायला लावला. एवढंच जमलं.

सुगंधाबाय मला जेटीच्या मागच्या बाजूला सापडली, सुकत टाकलेल्या बोंबलांच्या ओळींजवळ. अंगावर मांस चढलं होतं, खोकला गेलेला. औषध एकही दिवस चुकवलं नाही असं नर्सबाई म्हणाल्या होत्या. मला बघताच ती उठली, पदराला हात पुसले, आणि ते पुसतच राहिली.

“काय आला?”

मी किती तऱ्हेनं सांगायचं ठरवून आले होते. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. “तुमचा आणि नसीमचा जंतू एकच आहे,” मी म्हणाले.

ती खाली बसली. मी घाईघाईनं तिच्या शेजारी बसले आणि सांगत सुटले, की एकच असला म्हणजे तुमच्यापासून गेला असं नाही, कोणाकडून कोणाला ते रेषा सांगत नाहीत, आणि आता तुमच्यापासून कोणालाही काहीही होणार नाही, मी हमीदभाईंना तसं लिहून देते. ती ऐकत होती की नाही कोण जाणे.

“म्हंजे बोलावनार नाय,” ती म्हणाली.

मी ओळीतून पडलेला एक बोंबील उचलून परत काठीवर टाकला.

मग ती अगदी सहज म्हणाली, “धाकट्या भाईंचा बघितलाव?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“चार महिने शेजारी बसत होते ते. मला नाय म्हाईत?”

“मग बोलला का नाहीत? जानेवारीतच सांगितलं असतं तर!”

“माज्या तोंडातनं गेला असता तर तेंचा जाना बंद,” ती म्हणाली. “पंधरा वर्सं त्या घरचं खाल्लं. मला वाटलं, मशीन सांगंल. मशीनवर कोन रागावनार?”

वारा सुटला होता, बोंबलांच्या काठ्या हलत होत्या. इकबालभाईंपुढे मान हलवून आलेली मी, आता कुठला कायदा पाळत होते ते मलाच कळेना, कारण तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

“तेंचा घेतलाव की नाय?” तिनं पुन्हा विचारलं.

“नाही म्हणाले ते.”

“नाय म्हनाले?” सुगंधाबायनं माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. “नाय म्हनता येतं?”

येतं, मी म्हणाले. बेडका घ्यायच्या आधी ज्या कागदावर सही घेतात त्यावर तसं छापलेलं असतं, आणि जानेवारीत मी तो कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवला होता.